निंदणीची नीती : दप्तरापासून संदेशगटापर्यंत अभिलेखजतनाचा प्रवास आणि विद्यापीठीय चॅट-संदेशांचा जतनकाल

१. प्रस्तावना

शासकीय कार्यालयांच्या परिभाषेत 'निंदणीकरण' हा एक रूढ शब्द आहे. शेतातील तण उपटून टाकण्याच्या कामावरून तो घेतलेला आहे. मुदत संपलेली कागदपत्रे वेगळी काढून रीतसर नष्ट करणे, हा त्याचा कार्यालयीन अर्थ होय. तण कोणते व पीक कोणते हे आधी ओळखावे आणि मगच खुरपे चालवावे, हे तत्त्व या शब्दातच सामावलेले आहे. कागदाच्या बाबतीत हे तत्त्व आपल्या कार्यालयांनी कमीअधिक प्रमाणात पाळले. परंतु गेल्या दशकात विद्यापीठे व महाविद्यालये यांचा दैनंदिन कारभार ज्या माध्यमावर गेला, त्या चॅट-संदेशांच्या बाबतीत मात्र ओळख पटविण्यापूर्वीच निंदणी होत असल्याचे दिसते.

प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव येथे नोंदविणे आवश्यक वाटते. २०२१ च्या सुमारास, परीक्षा दूरस्थ पद्धतीने होत असताना, एका महाविद्यालयात अंतर्गत मूल्यमापनाची मुदत विभागाच्या व्हॉट्सॲप गटावरील संदेशाद्वारे वाढविण्यात आली. त्या संदेशानुसार तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या एका अध्यापिकेने उशिरा आलेली काही उत्तरे स्वीकारली. पुढे दुसऱ्या एका विद्यार्थ्याने तक्रार केली आणि चौकशी समिती नेमली गेली. प्रस्तुत लेखक त्या समितीचा सदस्य होता. मुदतवाढीचा मूळ संदेश कोणालाही दाखविता आला नाही. गटावर सात दिवसांनी संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू होती. ती कोणी व केव्हा चालू केली, हेही सांगता येईना. संचिकेत आदेशाची प्रत नव्हती. ज्यांनी संदेश पाठविला असे म्हटले गेले, त्यांना तो आठवत नव्हता. अखेर लेखी खुलासा मागविला गेला तो केवळ त्या अध्यापिकेकडून, कारण संचिकेत स्वाक्षरी होती ती फक्त तिच्या गुणपत्रकावर. पुढील वर्षी तिची नेमणूक झाली नाही. त्याचे कारण हेच होते, असे म्हणण्यास आधार नाही. तसे नव्हते, असे म्हणण्यासही नाही.

या प्रसंगाने उभा केलेला प्रश्न तांत्रिक नसून ऐतिहासिक स्वरूपाचा आहे. संस्थेची स्मृती कोणी, किती काळ आणि कोणासाठी जपावी, हा प्रश्न महाराष्ट्रातील दप्तरांना नवा नाही. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा पेशवेकालीन दप्तरापासून आजच्या संदेशगटापर्यंतचा मागोवा घेतला असून, त्या इतिहासाच्या आधारे विद्यापीठीय चॅट-संदेशांच्या जतनकालाविषयी काही सूत्रे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

२. दप्तराची शिस्त आणि दप्तराची सत्ता

पेशव्यांच्या हुजूर दप्तराची व्यवस्था हा मराठी प्रशासनाच्या अभ्यासातील सुपरिचित विषय आहे. चालते दप्तर व एलबेरीज दप्तर असे त्याचे मुख्य विभाग होते. दैनंदिन व्यवहार रोजकीर्दीत चढत. त्यांवरून पुढे विषयवार वा खातेवार नोंदी तयार होत. एलबेरीज दप्तरात सर्व प्रकारचे हिशेब एकत्र येऊन त्यांची वर्गवारी होई. नाना फडणविसांच्या काळात या व्यवस्थेस विशेष शिस्त आली आणि दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ती विस्कळीत झाली, असे इंग्रजी अंमलाच्या आरंभी हे दप्तर हाती घेणाऱ्या मॅक्लिओड या अधिकाऱ्याने नोंदविले आहे. म्हणजे दप्तराची अवस्था ही राज्यकारभाराच्या अवस्थेची निदर्शक असते, ही जाणीव दोनशे वर्षांपूर्वीही होती.

या दप्तरातील कागद केवळ मजकुरामुळे विश्वसनीय ठरत नसे. पत्रावर शिक्का असे, अखेरीस मोर्तब असे, ज्या ज्या अधिकाऱ्यांच्या हातून ते गेले त्यांची 'रुजू' असल्याची खूण असे. पत्र पावल्याची तारीख, म्हणजे 'पैवस्ती', त्यावर स्वतंत्रपणे नोंदलेली आढळते. पत्र केव्हा लिहिले आणि केव्हा पावले या दोन तारखांमधील अंतरावरून कित्येक ऐतिहासिक वाद सुटू शकतात, हे मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस सांगावयास नको. कोणी कोणास केव्हा लिहिले, केव्हा पावले आणि कोणाच्या नजरेखालून गेले, या संदर्भ-नोंदी मजकुराइतक्याच महत्त्वाच्या असतात. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

१८१८ नंतर हे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात आले. ते जपण्यामागे इतिहासप्रेम नव्हते. जमिनी, इनामे व वतने यांच्या हक्कांची शहानिशा करणे हा त्यामागील व्यवहारी हेतू होता. १८४३ मध्ये सुरू झालेल्या इनाम चौकशीस १८५२ च्या अकराव्या कायद्याने वैधानिक बळ मिळाले. त्यानंतर दक्षिणेतील असंख्य इनामदारांना आपल्या हक्काचा लेखी पुरावा सादर करावा लागला. ज्याच्या घरातील सनद वाळवीने खाल्ली वा आगीत गेली, त्याची भिस्त सरकारी दप्तरावर होती आणि ते दप्तर चौकशी करणाऱ्याच्याच हाती होते. कागद ज्याच्या ताब्यात, पुराव्याची व्याख्याही त्याच्याच ताब्यात, हा इनाम चौकशीचा धडा आहे. वर सांगितलेल्या चौकशी समितीपुढे घडले ते आकाराने क्षुल्लक असले तरी जातीने याहून वेगळे नव्हते.

या दप्तराचा इतिहासासाठी उपयोग पुष्कळ उशिरा झाला. गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर छत्रपती व पेशवे यांच्या रोजनिशांतून उतारे निवडले. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये त्या रोजनिशांची प्रस्तावना म्हणून केलेल्या विवेचनात लढायांपलीकडचा समाज, म्हणजे करपद्धती, न्याय, चलन, सामाजिक रूढी, या नोंदींतून कसा दिसतो हे दाखविले. पुढे १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. रोजकीर्द लिहिणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने ती नित्याची नोंद होती. तिच्यातून कोणी समाजाचा इतिहास वाचील, असे त्याच्या मनातही आले नसेल. नित्याच्या कागदाचे मोल त्याच्या निर्मितीच्या क्षणी पूर्णतः कळत नाही, हा यातून निघणारा दुसरा धडा होय.

३. 'अ, ब, क, ड' : विस्मरणाचे नियम

सर्वच कागद जपावेत असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. एकोणिसाव्या शतकात सरकारी कागदांचा पसारा इतका वाढला की, नष्ट करण्यासाठी कायदा करावा लागला. १८७९ च्या व त्याची जागा घेणाऱ्या १९१७ च्या अभिलेख नाश अधिनियमाने न्यायालये व महसूल यंत्रणा यांना निरुपयोगी कागदपत्रे नष्ट करण्यासाठी नियम करण्याचा अधिकार दिला. येथे 'नियम' हा शब्द महत्त्वाचा आहे. नाश हे कृत्य वैयक्तिक लहरीवर न सोपविता त्यासाठी अधिकारी, मुदत व पद्धत ठरविण्यात आली.

महाराष्ट्रातील कार्यालयांत आजही परिचित असलेली 'अ, ब, क, ड' ही वर्गवारी याच परंपरेतील आहे. 'अ' वर्गाचे अभिलेख कायमचे, 'ब' वर्गाचे ३० वर्षे, 'क-१' चे १० वर्षे, 'क' चे ५ वर्षे आणि 'ड' वर्गाचे काम संपल्यानंतर १ वर्ष, असा तिचा सर्वसाधारण आराखडा आहे. सहा गठ्ठे पद्धतीत अभिलेख कक्षाकडे पाठवावयाच्या प्रकरणांचा गठ्ठा आणि नष्ट करावयाच्या 'ड' कागदांचा गठ्ठा स्वतंत्र असतो. या व्यवस्थेची अंमलबजावणी किती कार्यालयांत काटेकोरपणे होते, हा वेगळा प्रश्न आहे. तथापि तिच्यामागे एक पक्के तत्त्व आहे. कागद कोणत्या पुठ्ठ्यावर आहे यावर त्याचा वर्ग ठरत नाही, त्यातील विषयावर ठरतो.

पाश्चात्त्य अभिलेखशास्त्रातही याच प्रश्नावर मतभेद झाले. १९२२ मध्ये हिलरी जेन्किन्सन यांनी, काय नष्ट करावे याचा निर्णय कागद निर्माण करणाऱ्या कार्यालयाने आपल्या कामाच्या गरजेनुसार घ्यावा, अभिलेखपालाने वा इतिहासकाराने त्यात आपली आवड आणू नये, असे प्रतिपादन केले. १९५६ मध्ये अमेरिकेतील टी. आर. शेलेनबर्ग यांनी कागदाचे कार्यालयास असणारे प्राथमिक मूल्य आणि इतरांस पुढे असणारे दुय्यम मूल्य असा भेद करून अभिलेखपालास निवडीचा अधिकार दिला. दोन्ही विचारवंतांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे निवड माणूस करील. वापरकर्त्याच्या एका खुणेने अथवा सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या आधीच ठरविलेल्या रचनेने ती आपोआप होईल, ही शक्यता त्यांच्यासमोर नव्हती.

४. छापील प्रत आणि मूळ संदेश : एक अमेरिकी वाद

संगणकीय संदेश हा अभिलेख आहे काय, या प्रश्नाची पहिली मोठी न्यायालयीन चर्चा अमेरिकेत झाली. अध्यक्ष रेगन यांच्या कारकिर्दीत व्हाइट हाऊसमध्ये आयबीएमची 'प्रॉफ्स' नावाची संदेशप्रणाली वापरात होती. इराण-काँट्रा प्रकरण उघडकीस येत असताना, नोव्हेंबर १९८६ मध्ये, राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतील जॉन पॉइंडेक्स्टर व ऑलिव्हर नॉर्थ यांनी आपले संदेश मोठ्या प्रमाणावर पुसून टाकले. परंतु प्रणालीच्या राखीव फितींवर त्यांच्या प्रती शिल्लक होत्या आणि चौकशी आयोगास त्या उपलब्ध झाल्या. जानेवारी १९८९ मध्ये रेगन पदावरून जाण्याच्या आदल्या दिवशी, या फिती नष्ट होऊ नयेत म्हणून स्कॉट आर्मस्ट्राँग व इतरांनी न्यायालयात धाव घेतली व तात्पुरता मनाई हुकूम मिळविला.

शासनाचा बचाव असा होता की, महत्त्वाचे संदेश कागदावर छापून संचिकेत लावले की संगणकीय प्रत ठेवण्याचे कारण उरत नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये अपील न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. संदेश कोणी पाठविला, कोणाकोणास मिळाला व केव्हा मिळाला ही माहिती छापील प्रतीत बहुधा उतरत नाही. म्हणून छापील प्रत ही मूळ संदेशाची बरोबरी करू शकत नाही, असे न्यायालयाने ठरविले. पैवस्तीची तारीख कापून टाकलेले पत्र जसे इतिहासकारास अपुरे वाटेल, तसेच हे आहे. आपल्या महाविद्यालयांत चॅटमधील संदेशाचे छायाचित्र, अर्थात 'स्क्रीनशॉट', संचिकेस जोडण्याची जी पद्धत पडली आहे, तिला हा आक्षेप जसाच्या तसा लागू पडतो.

पुढील काळात संदेशांची संख्या इतकी वाढली की, प्रत्येक संदेश वाचून त्याचे वर्गीकरण करणे अशक्य झाले. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१३ मध्ये ई-मेलसाठी पदाधिष्ठित पद्धत स्वीकारली. वरिष्ठ पदांवरील व्यक्तींचे संदेश कायमचे, इतरांचे सात वर्षे व केवळ साहाय्यभूत कामे करणाऱ्यांचे तीन वर्षे जपावेत, असा तिचा गाभा आहे. जानेवारी २०२३ मध्ये चॅट व लघुसंदेश यांनाही ही पद्धत लागू करण्याची मुभा देण्यात आली. तत्पूर्वी २०१४ च्या कायद्याने, खासगी खात्यावरून कार्यालयीन संदेश पाठविल्यास त्याची प्रत वीस दिवसांच्या आत अधिकृत खात्याकडे पाठविणे बंधनकारक केले होते.

५. विद्यापीठाची परीक्षा : ईस्ट अँग्लिया व नंतर

विद्यापीठापुरते पाहावयाचे तर इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचे उदाहरण बोलके आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये तेथील हवामान संशोधन विभागाचे एक हजारांहून अधिक ई-मेल चोरीस जाऊन जाहीर झाले. त्यांतील एका संदेशात, माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली मागणी झालेल्या विषयाशी संबंधित पत्रव्यवहार पुसून टाकावा, अशी सूचना सहकाऱ्यास केलेली आढळली. माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने जानेवारी २०१० मध्ये, माहितीच्या मागण्या कायद्याप्रमाणे हाताळल्या गेल्या नाहीत, मात्र खटल्यासाठीची सहा महिन्यांची मुदत उलटून गेली आहे, असे निवेदन केले. त्याच वर्षी जुलैमध्ये स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला. संशोधकांच्या सचोटीविषयी शंका घेण्यास जागा नाही, असे त्याने स्पष्ट म्हटले. परंतु खुलेपणा दाखविण्यात सातत्याने कसूर झाली, असाही ठपका ठेवला.

या प्रकरणाचा विपर्यास हवामानबदल नाकारणाऱ्यांनी केला, हे सर्वज्ञात आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे आहे. ज्यांचे संशोधन निर्दोष होते त्यांचीच बाजू, संदेश पुसण्याच्या सूचनेमुळे लंगडी झाली. नियमाने व मुदत संपल्यावर केलेला नाश कोणाला संशयास्पद वाटत नाही. मागणी आल्यानंतर केलेला नाश मात्र निरपराध्यालाही आरोपी करतो.

कोविड महासाथीच्या काळातील निर्णयांची ब्रिटनमध्ये जी चौकशी झाली, तीत हाच प्रश्न व्हॉट्सॲपच्या रूपाने पुढे आला. मंत्र्यांचे संदेश चौकशी आयोगास द्यावयाचे की नाही, यावर शासनाने न्यायालयात घेतलेली हरकत जुलै २०२३ मध्ये फेटाळली गेली. स्कॉटलंडमध्ये संदेशांतील महत्त्वाचा भाग अधिकृत अभिलेखात उतरवून मूळ संदेश पुसण्याचे धोरण होते. ते वरकरणी शहाणपणाचे वाटते. परंतु 'महत्त्वाचा भाग' कोणता, हे ठरविणार तोच, ज्याच्या निर्णयाची चौकशी पुढे होणार. माजी प्रथम मंत्री निकोला स्टर्जन यांनी जानेवारी २०२४ मध्ये आपले संदेश शिल्लक नसल्याचे आयोगासमोर मान्य केले. त्याच वर्षाच्या अखेरीस स्कॉटिश शासनाने अधिकृत उपकरणांवरील व्हॉट्सॲपचा वापर थांबविण्याचे जाहीर केले.

६. भारतीय कायद्याची चौकट

आपल्याकडे कायद्याची उणीव आहे असे नाही. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने संगणकाद्वारे निर्माण झालेल्या साहित्यासही अभिलेखाच्या व्याख्येत घेतले. विहित पद्धतीवाचून अभिलेख नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशा शिक्षेची तरतूद केली. केंद्रीय अभिलेखांसाठी असलेल्या या कायद्यानंतर राज्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ करण्यात आला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या सातव्या कलमाने इलेक्ट्रॉनिक अभिलेख जपण्याच्या अटी सांगितल्या. अभिलेख पुढे पाहता येईल अशा रीतीने ठेवावा, मूळ स्वरूपात वा त्याचे यथार्थ दर्शन घडेल अशा स्वरूपात ठेवावा आणि त्याचे उगमस्थान, गंतव्यस्थान, पाठविल्याची व मिळाल्याची तारीख व वेळ ओळखता यावी. पेशवेकालीन चिटणिसाला ही अट ऐकून आश्चर्य वाटले नसते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील 'माहिती'च्या व्याख्येत ई-मेल व कोणत्याही इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील साहित्य स्पष्टपणे नमूद आहे. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून अमलात आला असून त्यात स्मार्टफोनवरील संदेश हे 'दस्तऐवज' असल्याचे उदाहरणादाखल सांगितले आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. तो वाद जालना येथील उमेदवारी अर्ज दाखल करण्याच्या वेळेविषयीचा होता. निवडणूक कार्यालयातील चित्रफिती उपलब्ध होत्या, पण मागणी करूनही अधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र मिळत नव्हते. अभिलेख अस्तित्वात असणे आणि तो पुरावा म्हणून उभा राहणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून अधोरेखित झाले.

प्राध्यापकवर्गास सर्वांत जवळचे वाटेल असे उदाहरण उत्तरपत्रिकांचे आहे. ऑगस्ट २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीस आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार मान्य केला. त्याचबरोबर हेही स्पष्ट केले की, परीक्षा मंडळाने आपल्या नियमांनुसार जितका काळ उत्तरपत्रिका जपावयाची असते, तितकाच काळ हा अधिकार टिकतो. माहितीचा अधिकार कागद अधिक काळ जपण्याची सक्ती करीत नाही. याचा अर्थ असा की, जतनकालाचा नियम हाच नागरिकाच्या अधिकाराची लांबी ठरवितो. नियम तीन महिन्यांचा असेल तर अधिकार तीन महिन्यांचा. आणि संदेशगटावर सात दिवसांची सोय चालू असेल तर अधिकार सात दिवसांचा. तो कोणी ठरविला, याची नोंदही नसताना.

याच्या दुसऱ्या बाजूस डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ आहे. ज्या प्रयोजनासाठी वैयक्तिक माहिती घेतली ते संपल्यावर, अन्य कायद्याने जतन आवश्यक नसेल तर, ती पुसावी असे त्याचे तत्त्व आहे. म्हणून 'सर्व काही कायमचे ठेवा' हाही पर्याय आता निर्धोक राहिलेला नाही.

७. अघोषित धोरण

बहुतेक संस्थांमध्ये चॅट-संदेशांविषयी धोरण नाही, असे म्हटले जाते. वस्तुतः धोरण असतेच, फक्त ते दुसऱ्याने ठरविलेले असते. स्लॅक या कार्यालयीन संदेशसेवेने सप्टेंबर २०२२ पासून विनामूल्य वापरकर्त्यांना मागील केवळ ९० दिवसांचे संदेश दिसतील, अशी मर्यादा घातली. गूगलने शैक्षणिक संस्थांना दिलेली अमर्याद साठवण २०२२ पासून संपवून प्रत्येक संस्थेस एकत्रित १०० टेराबाइटची मर्यादा घातली. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०२० मध्ये सात दिवसांनी नाहीशा होणाऱ्या संदेशांची सोय आणली आणि डिसेंबर २०२१ मध्ये २४ तास व ९० दिवस हे पर्याय जोडले. यांपैकी एकही निर्णय विद्या परिषदेने वा व्यवस्थापन परिषदेने घेतलेला नाही. तरीही ९० दिवसांनंतर काय उरेल, हे त्या निर्णयांनी ठरविले. विद्यापीठ कायद्यानुसार कुलसचिव हे विद्यापीठाच्या अभिलेखांचे अभिरक्षक असतात. मात्र अभिलेख प्राध्यापकांच्या खासगी भ्रमणध्वनींत विखुरलेले असतील, तर अभिरक्षा कशाची करावयाची, हा प्रश्न उरतो.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. चॅट ही आपल्या स्टाफरूममधील बोलण्याची जागा आहे. तेथील शब्द जपले जाणार असतील तर कनिष्ठ सहकारी मोकळेपणाने बोलणार नाहीत आणि जतनाच्या नावाखाली पाळत सुरू होईल. हा आक्षेप फेटाळण्यासारखा नाही. किंबहुना योग्य जतनधोरणाची गरज यातूनच सिद्ध होते. आजच्या अवस्थेत संदेश एकतर सोयीने नाहीसे होतात, नाहीतर कोणाच्या तरी भ्रमणध्वनीत अनिश्चित काळ राहून सोयीच्या वेळी बाहेर निघतात. मोकळे बोलणे या दोहोंमुळे धोक्यात येते. बोलणे बोलण्याच्या जागी आणि आदेश आदेशाच्या जागी असेल, तरच बोलण्यास संरक्षण मिळेल.

८. काही सूत्रे

वरील इतिहासावरून पुढील सूत्रे सुचवावीशी वाटतात. त्यांतील मुदती या प्रस्तुत लेखकाच्या सूचना असून त्या चर्चेसाठी आहेत.

(१) वर्ग माध्यमावरून नव्हे, विषयावरून ठरावा. नेमणूक, परीक्षा, गुणदान, शिस्त, खरेदी व तक्रार यांविषयीचा संदेश हा त्या विषयाच्या कागदाचा जो वर्ग, त्याच वर्गात मोडावा.

(२) चॅटवरून आदेश देण्याची वेळ आलीच, तर आदेश देणाऱ्याने सात दिवसांच्या आत तो अधिकृत ई-मेलने वा परिपत्रकाने कायम करावा. ही जबाबदारी आदेश पाळणाऱ्याची नसून देणाऱ्याची असावी.

(३) कुलगुरू, कुलसचिव, परीक्षा नियंत्रक, प्राचार्य व अधिष्ठाता यांचे कार्यालयीन संदेश संस्थेच्या स्वतःच्या खात्यावरच असावेत आणि ते दीर्घकाळ जपले जावेत. इतरांच्या कार्यालयीन संदेशांस एक शैक्षणिक वर्ष व त्यानंतरचे एक वर्ष पुरेसे ठरावे. बैठकीची वेळ, अभिनंदन, चहापाणी यांविषयीचे संदेश तीस दिवसांत नाहीसे झाले तरी हरकत नसावी.

(४) माहितीच्या अधिकाराखालील अर्ज, न्यायालयीन प्रकरण, लैंगिक छळ वा रॅगिंगची तक्रार अथवा कोणतीही चौकशी सुरू होताच संबंधित संदेशांचा नाश त्या क्षणी थांबवावा आणि तसे सर्व संबंधितांस लेखी कळवावे.

(५) संदेश जपताना त्याचे छायाचित्र नव्हे, तर प्रेषक, प्राप्तकर्ते, तारीख व वेळ यांसह निर्यात केलेली प्रत जपावी.

(६) नाशाची नोंद ठेवावी. काय, केव्हा, कोणत्या नियमाने व कोणाच्या संमतीने नष्ट केले, ही एक पानी नोंद स्वतः मात्र 'अ' वर्गाची असावी.

(७) इतिहास, ग्रंथालयशास्त्र व विधी या विषयांचे अध्यापक वर्गवारी ठरविणाऱ्या समितीत असावेत. हे काम केवळ संगणक विभागाकडे सोपविणे म्हणजे निंदणी खुरपे विकणाऱ्याकडे सोपविण्यासारखे आहे.

९. समारोप

दप्तर जपणे ही केवळ भूतकाळाची सेवा नव्हे. इनाम चौकशीत ज्याच्याजवळ सनद नव्हती तो, व्हाइट हाऊसमधील फितींसाठी न्यायालयात गेलेले नागरिक, उत्तरपत्रिका मागणारा परीक्षार्थी आणि खुलासा लिहिणारी तासिका तत्त्वावरील अध्यापिका, या सर्वांचा प्रश्न वर्तमानातील न्यायाचाच होता. ज्याच्या हाती अधिकार आहे त्यास अभिलेखाची गरज कमी भासते, कारण त्याचा शब्द चालतो. अभिलेखाची खरी गरज असते ती ज्याचा शब्द चालत नाही त्यास. म्हणून जतनकाल ठरविताना संस्थेची सोय पाहण्याबरोबरच, उद्या हा संदेश न मिळाल्यास नुकसान कोणाचे होईल, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा.

नष्ट करणे अपरिहार्य आहे. रोजकीर्दीचा प्रत्येक कागद कोणत्याही काळी जपला गेला नाही आणि प्रत्येक संदेश जपणे इष्टही नाही. परंतु निंदणी शेताच्या मालकाने, दिवसाढवळ्या आणि पीक ओळखून करावयाची असते. आपल्या समितीने त्या वर्षी अहवाल दिला, त्यात 'पुराव्याअभावी निश्चित निष्कर्ष काढता येत नाही' असे वाक्य होते आणि त्याखाली प्रस्तुत लेखकाचीही स्वाक्षरी होती. तो अहवाल आज संचिकेत सुरक्षित आहे. त्याचा वर्ग मात्र अद्याप कोणी ठरविलेला नाही.